नक्कल आणि ओळख

गतवर्षी आमच्या चाळीसगावच्या धर्मग्रामात नाताळच्या तयारीला आरंभ झाला, त्या सुमारास महाविद्यालयात शिकणारी आमची एक मुलगी वहीची वीस-पंचवीस पाने घेऊन माझ्याकडे आली. तरुण मंडळाने सादर करावयाची एकांकिका तिने लिहिली होती. कथानक साधे होते. एक नवरा रात्री बायकोवर चिडून म्हणतो, "दिवसभर घरात बसून तू करतेस तरी काय?" सकाळी डोळे उघडतात तो काय, तो बायको झालेला असतो आणि ती नवरा. त्या दोघांखेरीज घरातल्या कोणालाही यात काही वावगे दिसत नाही. एक अख्खा दिवस असा जातो आणि दुसऱ्या सकाळी सारे पूर्ववत होते.

मंडळातील मुलांना कथा आवडली होती. पण त्यांचा आग्रह असा, की नवऱ्याला साडी नेसवावी, गंगावन लावावे, हातभर बांगड्या घालाव्यात आणि पदर पायात अडकून तो दोनतीनदा तरी पडावा. लेखिकेचे म्हणणे नेमके उलट होते. मुलाने आपल्या नेहमीच्या सदरा-पाटलोणीतच वावरावे. घरातल्यांनी मात्र त्याला सून समजून वागवावे, एवढे पुरे. वाद विकोपाला गेला तेव्हा ती मजकडे आली आणि तिने विचारले, "फादर, अदलाबदल झाली आहे हे लोकांना किती वेळा सांगायचं? त्यावर किती जोर द्यायचा?"

मी तिला दोन दिवसांनी या असे सांगितले. परंतु तो प्रश्न दोन दिवसांत सुटणारा नव्हता. धर्मगुरूने असल्या नाटकी प्रश्नात कशाला लक्ष घालावे, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना मी एवढेच सांगेन, की या प्रश्नाशी माझे जुने आणि काहीसे अवघड नाते आहे. मी स्वतः एकदा रंगमंचावर स्त्री झालो होतो.

आमच्या गुरुविद्यालयात आम्ही सारी मुलेच. वार्षिक मेळाव्यात नाटक करायचे म्हटले, की स्त्रीपात्रे कोणी करायची हा प्रश्न दरवर्षी उभा राही. एके वर्षी आम्ही एक विनोदी ग्रामीण नाटुकले बसविले आणि आवाज पातळ म्हणून त्यातील भांडखोर कारभारणीचे काम माझ्या वाट्याला आले. मी ते जीव तोडून केले. पदर कमरेला खोचणे, पदरानेच नाक पुसणे, एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने हवेत वार केल्यासारखे बोलणे, रडता रडता मध्येच थांबून चुलीकडे पाहणे, अशा एकेका लकबीवर सभागृह हसून लोटपोट होई. हशा मिळतो आहे असे दिसताच मी प्रत्येक लकब दुप्पट केली. त्या दिवशी पालकांना आमंत्रण होते. नगर जिल्ह्यातील आमच्या गावाहून माझी आईही आली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली ती बाई पहिल्यांदाच नाटक पाहत होती.

सायंकाळी तिला एस.टी.च्या थांब्यावर पोहोचवायला गेलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग गाडी येताना दिसली तेव्हा हळूच म्हणाली, "माझीच नक्कल केलीस व्हय रे?" मी गोंधळून म्हणालो, "नाही आई, ते नाटक होतं." त्यावर ती एवढेच म्हणाली, "लोक लई हसले." पिशवीतून आणलेले शेंगदाण्याचे लाडू तिने माझ्या हाती दिले आणि ती गाडीत चढली. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि मीही तो कधी काढला नाही. आज ती हयात नाही.

त्या मुलीची वही वाचताना मला प्रथम आठवले ते हे.

वस्तुतः पुरुषाने स्त्री होणे ही गोष्ट मराठी माणसाला अपरिचित नाही. आपली रंगभूमी कित्येक दशके त्यावरच उभी होती. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व (१८८८–१९६७), यांनी भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या भूमिका केल्या, तेव्हा समोर पुरुष उभा आहे हे प्रेक्षागृहातील लहान मुलालाही ठाऊक होते. परंतु रंगमंचावरून त्याची आठवण कोणी करून देत नसे. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधील सिंधू दारुड्या नवऱ्याच्या घरात कष्ट उपसते, तिचे मूल जाते, ती स्वतःही जाते. आणि प्रेक्षक रडतो तो सिंधूसाठी. नारायणरावांनी पुरुष असूनही हे कसे साधले, हा विचार त्याच्या मनात येतो तो घरी जाताना. त्या काळच्या सुखवस्तू स्त्रिया त्यांच्या नेसणीचे अनुकरण करीत, असे सांगतात. म्हणजे ज्यांचे रूप त्यांनी घेतले, त्यांनाच त्या रूपात स्वतःचा सन्मान दिसला. माझ्या आईला माझ्या सोंगात जे दिसले, त्याच्या हे अगदी उलट.

पुढे काळ बदलला. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हळूहळू हीच रीत पडली. येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. पुरुषाने स्त्री होण्याची गरज होती, तोवर त्या गोष्टीचा गवगवा नव्हता. गरज संपली आणि मग ते सोंग हाच नाटकाचा विषय झाला. आचार्य अत्र्यांची 'मोरूची मावशी' ही ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून बेतलेली. १९८० च्या दशकात विजय चव्हाण यांनी ती मावशी घरोघर पोहोचविली. १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटात पुण्यात भाड्याने जागा मिळावी म्हणून दोन तरुण बायकांची सोंगे घेतात. या कृतींत पुरुष बाई झाला आहे याचा विसर प्रेक्षकाला क्षणभरही पडू द्यायचा नसतो, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे प्रेक्षक एकच प्रश्न मनात धरून बसलेला असतो: हे पकडले जाणार का? पकडले जाण्याची भीती हेच त्या कथेचे इंजिन. ते चालते ठेवायचे, तर सोंगाची आठवण पुन्हा पुन्हा द्यावीच लागते. ते चित्रपट पाहून मीही पोट धरून हसलो आहे आणि त्याबद्दल मला खेद नाही.

परंतु आमच्या लेखिकेची कथा सोंगाची नव्हती. तिचा नवरा बायकोचा वेश घेत नाही, तो बायको होतो. त्याला कोणी पकडणार नाही, कारण घरात कोणाला संशयच नाही. म्हणजे 'पकडला जाईल का?' हा प्रश्न येथे मुळातच उरत नाही. उरतो तो दुसरा प्रश्न: याला आता काय कळेल? सोंगाच्या कथेत आणि पालटाच्या कथेत हा फरक आहे. आणि मंडळातील मुले एकीची युक्ती दुसरीला लावू पाहत होती.

पालटाच्या कथेत मूळ कल्पनेवर जोर किती द्यावा, हे पाहण्यासाठी मी दोन पुस्तके पुन्हा काढली. दोन्ही स्त्रियांनी लिहिलेली. पहिले बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांचे 'सुलतानाज ड्रीम', १९०५ सालचे. त्यात एक स्वप्नातला देश आहे. तेथे स्त्रिया राज्य चालवितात, विज्ञानाच्या जोरावर सूर्याची उष्णता साठवितात, आणि पुरुष घराच्या आत, 'मर्दान्या'त, पडद्यात राहतात. येथे उलटापालट ओळीओळीतून पुढे येते. लेखिका ती क्षणभरही विसरू देत नाही. तरी ते कंटाळवाणे होत नाही. कारण गोष्ट मोजक्या पानांची आहे आणि ती उपरोधाची आहे. चिमटा काढायचा तो जोरात काढावा आणि हात मागे घ्यावा.

दुसरे पुस्तक व्हर्जिनिया वुल्फ यांची 'ऑर्लँडो' ही १९२८ सालची कादंबरी. तिचा नायक एका दीर्घ निद्रेतून स्त्री होऊन उठतो. लेखिका हा पालट एकदाच सांगते आणि माणूस तोच आहे हे स्पष्ट करून पुढे निघते. यानंतर काही काळ ऑर्लँडोलाही आपण स्त्री असल्याचे फारसे जाणवत नाही. ते जाणवते ते मायदेशी परतताना जहाजावर, अंगात घोळदार वस्त्रे आल्यावर. आणि पुढे न्यायालयात, तिच्या मालमत्तेवर दावे पडतात तेव्हा. ती मरण पावली आहे आणि ती स्त्री आहे, असेही आक्षेप तिच्याविरुद्ध घेतलेले असतात, आणि त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर नाही, असे लेखिका मिस्कीलपणे सुचविते. म्हणजे जेथे रूढी, वस्त्र किंवा कायदा माणसाला बोचतो, तेथेच ती पालटाची आठवण करून देते. एरव्ही तिला तिच्या वाटेने जाऊ देते.

मराठीत लिहिणाऱ्याला तर अधिकच संयम हवा असे मला वाटते. इंग्रजीतला 'मी' स्त्री की पुरुष हे कित्येक पाने लपविता येते. आपल्या भाषेत 'मी आलो' की 'मी आले' हे पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. आमच्या एकांकिकेत पहिल्या प्रवेशात नवरा जागा होऊन "मी उठले" असे म्हणतो आणि दचकून तोंडावर हात ठेवतो. त्या एका मात्रेत सारी अदलाबदल झालेली असते. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि एकनाथांच्या गौळणी यांत पुरुष संत स्त्रीच्या मुखाने बोलतात, तेही असेच. वेश नाही, स्पष्टीकरण नाही. विरहिणीचे क्रियापद घेतले, की झाले. ऐकणारा भाविक तेवढ्याने तिच्या जागी जाऊन उभा राहतो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या स्मृतीतही अशा कथा आहेत. संत मरीना ही वडिलांबरोबर मठात गेली आणि मरीनस या नावाने संन्यासी म्हणून राहिली, अशी पूर्वेकडील परंपरेतली कथा आहे. लेबनॉनच्या मॅरोनाइट ख्रिस्ती लोकांत ती आजही प्रिय आहे. सरायवाल्याच्या मुलीला दिवस गेले आणि आळ या संन्याशावर आला. एक शब्द उच्चारला असता तर ती निर्दोष ठरली असती. तिने तो उच्चारला नाही. मठाबाहेर काढल्यावर दाराशी बसून तिने ते परक्याचे मूल वाढविले. तिच्या मृत्यूनंतर देहाला स्नान घालताना मठवासीयांना सत्य कळले. ही कथा सांगणाऱ्याने तिच्या वेशाचे कौतुक करीत बसला असता तर काय उरले असते? वेशाची आठवण फक्त दोनदा येते: आळ येतो तेव्हा, आणि देह धुतला जातो तेव्हा. मधल्या वर्षांत आपल्याला दिसते ते मठाच्या दाराशी मूल घेऊन बसलेले एक माणूस.

संत जोन ऑफ आर्क हिची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. तिच्यावरील खटल्यात पुरुषी वेश हा एक मोठा आरोप होता. न्यायाधीश पुन्हा पुन्हा त्या वेशाशीच येऊन थांबले. ३० मे १४३१ रोजी रुआँ येथे तिला जाळण्यात आले. १९२० साली ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून घोषित केले. वेशावर इतका जोर दिला, की वेशाच्या आतली मुलगी दिसेनाशी झाली, असे त्या खटल्याबद्दल म्हणता येईल.

इतका विचार करून मी त्या मुलीला उत्तर दिले. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते चुकले. आईची आठवण ताजी असल्यामुळे मी दुसऱ्या टोकाला गेलो. साडी नको, बांगड्या नकोत, एवढे सांगून मी थांबलो नाही. सासूचे टोमणे कमी कर, नवरा शेवटी जेवायला बसतो तो प्रसंग काढून टाक, पाणी भरण्याचा प्रवेश थोडक्यात आटप, असेही सुचविले. कोणाचे मन दुखावू नये हा माझा हेतू. तिने नाराजीने का होईना, पण तसे केले.

पहिली तालीम आमच्या सभागृहात झाली. पाहायला काही स्त्रिया आल्या होत्या. एकांकिका संपली. कोणी हसले नाही, कोणी गंभीरही झाले नाही. एका बाईने शेजारणीला विचारलेले मला ऐकू आले, "पण यात झालं काय?" तिचा प्रश्न रास्त होता. नवऱ्याचे नाव बायकोला आणि बायकोचे नवऱ्याला दिले होते, यापलीकडे काहीच झाले नव्हते. जोर देण्याला भिऊन मी अदलाबदलीतला जीवच काढून घेतला होता. अतिरेकी सोंगाने स्त्रीची टिंगल होते हे खरे. परंतु तिचे आयुष्य पुरुषाच्या आयुष्यासारखेच आहे असे दाखविणे, हीदेखील तिच्याशी केलेली प्रतारणाच.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक वृद्ध बाई उठल्या. त्या अहिराणीखेरीज दुसरे फारसे बोलत नाहीत. पाण्याचा प्रवेश पुन्हा करायला लावून त्यांनी मुलाच्या हातातील हंड्याकडे बोट दाखविले आणि म्हणाल्या, "हंडा रिकामा शे. भरेल हंडा आसा उचलतस का?" मुलगा एका हाताने हंडा झुलवीत चालत होता, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. आजींनी हंडा नळाखाली धरून काठोकाठ भरविला आणि त्याच्या खांद्यावर ठेवायला लावला. मुलगा चालू लागला. त्याने अभिनय केला नाही. करायला सवडच नव्हती. मान एका बाजूला गेली, पावले जपून पडू लागली, चेहऱ्यावरचे हसू मावळले. नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत पहाटे उठणाऱ्या आमच्या गावातल्या बायका त्या चालीकडे बघत राहिल्या. त्या चालीत नक्कल नव्हती आणि तरीही ती त्यांच्या ओळखीची होती.

ही गोष्ट चाळीसगावात शिकावी लागावी याचे मला नंतर नवल वाटले. याच गावात छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरात आयुष्य काढले. घरातल्या मेजावर साध्यासुध्या वस्तू मांडून ते डोंगरदऱ्यांची, निसर्गाची दृश्ये उभी करीत आणि त्यांची छायाचित्रे घेत. पाहणाऱ्याला आधी डोंगर दिसतो. हे सारे मेजावर मांडलेले आहे हे त्याला मागाहून कळते, किंवा कोणी सांगावे लागते. मूस यांनी चित्रात मेजाचा पाय कधी दाखविला नाही. पण उजेड कोठून पडावा आणि सावली किती लांब जावी, याची हयगयही केली नाही. युक्ती लपवावी आणि प्रकाश मात्र खरा असावा, हे त्या मेजावर शिकता आले असते.

त्या रात्री प्रार्थनेच्या वेळी मी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला पुत्र, हे तीन दाखले आपण लहानपणापासून ऐकतो. पहिल्यात परमेश्वर मेंढपाळासारखा आहे, तिसऱ्यात पित्यासारखा. मधल्यात तो कोणासारखा आहे? एका बाईसारखा. इतकी वर्षे प्रवचने करूनही मी या जागी क्षणभर थांबलो नव्हतो. कारण प्रभू येशू स्वतःच तेथे थांबत नाही. 'आता मी देवाला स्त्री म्हणतो आहे, लक्ष द्या,' असे तो म्हणत नाही. मात्र त्या बाईचे काम तो बारकाईने सांगतो. ती दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडेपर्यंत शोधते. सापडल्यावर आनंद करायला ती ज्यांना बोलाविते, त्या मूळ ग्रीक भाषेत मैत्रिणी आणि शेजारणीच आहेत. कल्पनेचा एकही उच्चार नाही आणि कामाचा एकही तपशील गाळलेला नाही. हंडा भरलेला आहे.

संत पौलदेखील गलतीकरांना लिहिताना सहज सांगून जातो, की त्यांच्यासाठी आपल्याला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत. एक वाक्य, आणि तो पुढे जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी 'मुलिएरिस डिग्निटातेम' हे पत्र लिहिले. परमेश्वराच्या प्रेमाला पवित्र शास्त्र कधी पित्याच्या, तर कधी मातेच्या प्रेमाची उपमा देते, याकडे त्यात लक्ष वेधलेले आहे. स्त्री आणि पुरुष यांतला भेद देवाने दिलेला आहे अशी आपली श्रद्धा आहे. अदलाबदलीची कथा हा भेद पुसण्यासाठी लिहावी लागत नाही. भेदाच्या पलीकडच्या तीरावर जो उभा आहे, त्याच्या जागी एक दिवस उभे राहून पाहावे, एवढ्यासाठी ती लिहिता येते. ज्याने स्वतः आपले रूप घेतले आणि आपल्या वाट्याचे श्रम, भूक व मरण भोगले, त्याचा जन्मदिवस साजरा करणाऱ्यांना अशा कथेचे वावडे असण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून माझ्या सूचना मागे घेतल्या. मग आम्ही तिघांनी, म्हणजे तिने, त्या आजींनी आणि मी, बसून ठरविले. साडी नको, ते कायम राहिले. काढलेले प्रसंग परत आले. नवरा सर्वांच्या शेवटी जेवतो आणि भाजी संपलेली असते. भाजीसाठी पैसे मागताना त्याला हिशेब द्यावा लागतो. आणि आजींच्या सांगण्यावरून एक नवी गोष्ट आली. एक जुना पदर त्याच्या खांद्यावर राहील. तो डोक्यावर ओढायचा तो फक्त सासरे दारात आले म्हणजे. बाकी वेळ त्याच्याकडे कोणी पाहायचे नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग झाला. पहिल्यांदा त्या मिशाळ मुलाने पदर डोक्यावर ओढला तेव्हा सभागृह हसले. दुसऱ्या वेळी थोडे कमी हसले. मग पाण्याचा प्रवेश आला. खांद्यावर काठोकाठ भरलेला हंडा, दुसऱ्या हातात कळशी; आणि समोर दारात सासरे उभे. पदर ओढायला हात मोकळा नव्हता. मुलगा तसाच थांबला. हंड्यातले पाणी डुचमळून त्याच्या सदऱ्यावर सांडले. सासरेही काही बोलेनात. तेवढ्यात बाकांवरून एक बाई कळवळून म्हणाल्या, "अगं, हंडा खाली ठेव ना गं!"

त्या 'गं'कडे कोणाचेही लक्ष गेले नाही. कोणी हसले नाही, कोणी वळून पाहिले नाही. त्या बाईला आपण एका मुलाला 'गं' म्हटले याची जाणीवही नसावी. मला मात्र त्या क्षणी लेखिकेच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. अदलाबदल झाली आहे हे लोकांना किती वेळा सांगायचे? लोकच ते बोलून दाखवितील तोवर. मग थांबायचे.

तरुण लेखकांना मी एवढेच सुचवीन. अशी कथा लिहिताना आपल्या पात्राला एकदा नीट पलीकडे नेऊन सोडा आणि मग त्याच्या मागे ओरडत फिरू नका. पण पलीकडे जे ओझे आहे, ते रिकामे दाखवू नका. आणि लिहून झाले, की ज्यांचे रूप तुम्ही घेतले आहे, त्यांना ते आधी वाचून दाखवा. आमच्या मुलांनी ते केले. मी माझ्या काळी केले नव्हते.

प्रयोग संपल्यावर मुले सामान आवरीत होती. हंडा रिकामा करण्यासाठी मी तो उचलू गेलो आणि मला तो एकदम उचलला गेला नाही. लहानपणी आई असे दोन हंडे एकावर एक ठेवून विहिरीवरून येत असे आणि मी तिच्यापुढे मोकळ्या हातांनी धावत असे. तिची कंबर धरून बोलण्याची लकब, जिच्यावर मी एवढा हशा मिळविला, ती कशामुळे आली होती, हे मला तेव्हा कळायला हवे होते. येत्या महिन्यात तिचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये मी तिच्या आत्म्याला शांती मागेनच. त्याबरोबर त्या एस.टी.च्या थांब्यावर द्यायचे राहून गेलेले उत्तरही तिला देईन. होय आई, तुझीच नक्कल केली होती. मला क्षमा कर.